वांचलेल्या मुलांचा प्रश्न

वैद्यकशास्त्राच्या इतिहासांत विजयाचे प्रसंग पुष्कळ आहेत. एखादी लस निघते, एखादें औषध सांपडतें, मृत्यूचा आंकडा खालीं येतो आणि इतिहासकार तेथें पूर्णविराम देऊन मोकळा होतो. परंतु जीं माणसें मरावयाचीं तीं जगलीं, त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न बहुधा त्या पूर्णविरामाच्या पलीकडे राहून जातो. एच. आय. व्ही. हा विषाणु घेऊनच जन्मास आलेल्या मुलांचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. या मुलांना मृत्यूच्या दाढेंतून सोडविण्यास शास्त्राला सुमारें पंधरा वर्षें लागलीं. आणि वांचलेल्या मुलाला नुसतें शरीर नसून मनही असतें, ही गोष्ट पुरती उमगण्यास त्याहूनही अधिक काळ लागला.

ता. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेंत लॉस एंजेलिस शहरांतील पांच तरुणांची हकीकत छापून आली. निरोगी माणसास सहसा न होणारा फुप्फुसाचा एक दुर्मिळ विकार त्यांना जडला होता. पुढें ज्याला एड्स हें नांव मिळालें, त्या रोगाची ही पहिली छापील नोंद होय. आरंभीं हा रोग कांहीं विशिष्ट प्रौढ लोकांचाच आहे अशी समजूत होती. परंतु १९८२ च्या डिसेंबरांत त्याच पत्रिकेनें तशींच लक्षणें असलेल्या अर्भकांची माहिती प्रसिद्ध केली, आणि १९८३ च्या मे महिन्यांत न्यूअर्क येथील जेम्स ओलेस्क व ब्राँक्स येथील आर्ये रुबिनस्टाइन या बालरोगतज्ज्ञांनीं अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत अशा बालरोग्यांवर निबंध लिहिले. आईकडून मुलाकडे जाणारा हा रोग असावा, हें म्हणणें पुष्कळांना प्रथम पटलें नाहीं. त्याच वर्षीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत विषाणूचा शोध लागला. १९८५ मध्यें रक्ताची चांचणी उपलब्ध झाली. आणि मग शंकेला जागा उरली नाहीं. गरोदरपणीं, प्रसूतीच्या वेळीं किंवा अंगावरच्या दुधांतून हा विषाणु मुलास मिळतो, हें निश्चित झालें.

त्या काळीं अशा मुलाच्या नशिबीं काय होतें, तें एका वाक्यांत सांगतां येतें. औषधोपचार न मिळाल्यास आफ्रिकेंतील अशा मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं आपला दुसरा वाढदिवस पाहत नसत, असें पुढें अनेक पाहण्यांच्या एकत्रित हिशेबावरून दिसून आलें. श्रीमंत देशांतही स्थिति फारशी आशादायक नव्हती. न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम हा कृष्णवर्णीयांचा गरीब भाग. तेथील रुग्णालयांत त्या दशकांत मादक द्रव्यांच्या व्यसनानें व या नव्या रोगानें ग्रासलेल्या मातांचीं मुलें मोठ्या संख्येनें जन्मत होतीं. आई घरीं नेऊं शकत नाहीं म्हणून कांहीं अर्भकें महिनोन्महिने रुग्णालयांतच वाढत. डॉ. इलेन एब्रम्स या बालरोगतज्ज्ञांनीं याच रुग्णालयांत दीर्घकाळ अशा कुटुंबांची शुश्रूषा केली. येथें मुलाला एकट्याला तपासून भागत नसे. आई त्याच रोगानें आजारी, बाप बहुधा नाहींसा झालेला किंवा मेलेला, आणि सांभाळणारी एखादी आजी. रोग एकाचा नसून घराचा आहे, हा धडा हार्लेमनें प्रथमच शिकविला.

औषधाच्या अभावीं जें दुःख होतें, त्यांत समाजाच्या भीतीनें भर घातली. इंडियाना संस्थानांतील कोकोमो गांवचा रायन व्हाइट हा हीमोफिलिया या रक्तस्रावाच्या विकाराचा रोगी. त्यावरील उपचारासाठीं मानवी रक्तापासून काढलेलें द्रव्य त्याला टोचीत, आणि त्यांतूनच विषाणु त्याच्या शरीरांत शिरला. १९८४ च्या डिसेंबरांत, तेराव्या वर्षीं, त्याचें निदान झालें. पुढल्या वर्षीं शाळेनें त्याला वर्गांत घेण्याचें नाकारलें, पालकांनीं विरोध केला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. शाळेंत परत येण्याचा हक्क त्याला मिळाला. परंतु शेजाऱ्यांच्या वागणुकीला कंटाळून त्या कुटुंबाला शेवटीं गांव सोडावें लागलें. ता. ८ एप्रिल १९९० रोजीं, अठराव्या वर्षीं, तो मरण पावला. आणि त्याच वर्षीं अमेरिकन काँग्रेसनें या रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं केलेल्या कायद्याला त्याचें नांव दिलें. ज्या हजारों मुलांचें नांव कोणत्याही कायद्याला मिळालें नाहीं, त्यांच्या घरांनीं या हकीकतीवरून एकच बोध घेतला : वाच्यता करूं नये.

यानंतर दोन मोठे शोध लागले. १९९४ मध्यें अमेरिका व फ्रान्स येथें चाललेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला. गरोदर स्त्रीला, प्रसूतीच्या वेळीं आणि नंतर अर्भकाला झिडोवुडिन हें औषध दिलें असतां मुलास विषाणु मिळण्याचें प्रमाण शेंकडा २५.५ वरून ८.३ वर आलें. पुढें या दिशेनें जगांत ठिकठिकाणीं काम झालें. अंगावर पिणाऱ्या मुलांना सहा आठवडे नेव्हिरॅपिन देऊन पाहण्याचा जो प्रयोग इथिओपिया, युगांडा व भारत या तीन देशांत झाला, त्यांतील भारतीय केंद्र पुण्यास ससून रुग्णालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथें होतें. त्याचा वृत्तांत २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. दुसरा शोध १९९६ च्या सुमाराचा. तीन औषधें एकत्र दिलीं तर विषाणूची वाढ इतकी रोखली जाते कीं रोगी वर्षानुवर्षें जगतो. हीं औषधें मुलांनाही मिळूं लागलीं, आणि ज्यांच्यासाठीं कोणी पाटीदप्तर घेऊन ठेवलें नव्हतें तीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं.

खरा प्रश्न येथून सुरू झाला. तीन-चार वर्षांचें मूल न विचारतां औषध घेतें. आठ-नऊ वर्षांचें मूल विचारतें, "माझ्या भावाला नाहीं, मग मलाच रोज हें औषध कां?" या प्रश्नाला घरोघर निरनिराळीं उत्तरें मिळत. कोणी दमा सांगे, कोणी हृदयाचा अशक्तपणा, कोणी नुसतीं शक्तीचीं औषधें म्हणून वेळ मारून नेई. या असत्यामागें दुष्टपणा नव्हता. मुलाला खरें सांगावयाचें म्हणजे आईला आपलेंही सांगावें लागे. विषाणु कोठून आला, हा पुढला प्रश्न ओघानेंच येई. शिवाय मूल शाळेंत बोलून गेलें तर काय होईल, याचें उत्तर कोकोमो गांवानें देऊन ठेवलें होतें. म्हणून घरांत एक मौन वाढीस लागलें. मुलें मात्र कान देऊन ऐकतात, बाटलीवरचीं अक्षरें वाचतात आणि दवाखान्याच्या भिंतीवरचीं चित्रें पाहतात. कित्येकांना सत्य आधींच कळलेलें असे, आणि तें आपल्याला कळलें आहे हें घरच्यांपासून लपविण्याचा भार त्यांच्यावर पडे. १९९९ च्या जानेवारींत अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें, शाळकरी वयाच्या मुलाला त्याचा रोग त्याला समजेल अशा रीतीनें सांगावा, असा सल्ला दिला; २०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनेंही तोच मार्ग घालून दिला.

या मुलांच्या मनांत काय चाललें आहे, हें अंदाजानें न सांगतां मोजून पाहण्याचें काम ज्यांनीं हातीं घेतलें, त्यांत डॉ. क्लोड मेलिन्स यांचें नांव अग्रभागीं आहे. त्या मानसशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठांत त्यांचें संशोधन चाले. १९९० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या उत्तर भागांत या रोगानें ग्रासलेल्या कुटुंबांसाठीं चाललेल्या मानसोपचाराच्या कार्यांत त्यांचा वांटा होता. डॉ. एब्रम्स यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांच्या सहकार्यानें त्यांनीं २००३ पासून न्यूयॉर्कच्या चार वैद्यकीय केंद्रांतून नऊ ते सोळा वर्षांचीं ३४० मुलें निवडलीं. या निवडींतच त्यांच्या विचाराची खोली दिसते. या सर्व मुलांच्या माता विषाणुबाधित होत्या. परंतु २०६ मुलांना जन्मतः विषाणु मिळाला होता आणि १३४ मुलें त्यांतून सुटलीं होतीं. वस्ती तीच, दारिद्र्य तेंच, आईचें आजारपण तेंच. अंतर फक्त रक्तांतील विषाणूचें. शहरांतील सुखवस्तु घरांतल्या मुलांशीं तुलना केली असती, तर प्रत्येक दुःखाचें खापर विषाणूवर फोडणें सोपें झालें असतें. तो सोपा मार्ग त्यांनीं टाळला.

२००९ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनीं विचार करावयास लावणारा आहे. विषाणुबाधित मुलांपैकीं शेंकडा ६१ मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार निदानाच्या कसोटीस उतरला. हा आंकडा मोठा आहे. परंतु विषाणूपासून सुटलेल्या मुलांतही तो शेंकडा ४९ होता. दोन्ही गटांत चिंतेचे विकार अधिक. चंचलता व अवधानाचा अभाव मात्र विषाणुबाधितांत विशेष. याचा अर्थ असा कीं, मुलाच्या मनाला जें पोखरतें त्याचा मोठा भाग घरांतून व वस्तींतून येतो : आईचा मृत्यु, एका नातलगाकडून दुसऱ्याकडे होणारी रवानगी, वर्णावरून होणारी अवहेलना, घरभाड्याची विवंचना. आणि दुसरा अर्थ असा कीं, जीं मुलें "वांचलीं" म्हणून दवाखान्याच्या वहींतून कमी केलीं गेलीं, त्यांच्याकडे कोणीच पाहत नव्हतें.

विषाणूचा स्वतःचा अपराध मात्र यामुळें पुसला जात नाहीं. तो शरीरांत शिरल्यावर लौकरच मेंदूपर्यंत पोंचतो, आणि लहानपणीं उपचार न मिळालेल्या मुलांत स्मरण व अवधान यांवर त्याची खूण राहूं शकते. कांहीं औषधांचाही त्रास असे. अनेक वर्षें सर्वत्र वापरांत असलेल्या एफाव्हिरेन्झनें कित्येकांना भयंकर स्वप्नें पडत व मन खिन्न होई. याशिवाय पौगंडावस्थेचा स्वभाव आहेच. जे चौदा-पंधराव्या वर्षीं वडील माणसांचें कांहींच ऐकत नाहींत, तेच औषधाच्या वेळीं आज्ञाधारक राहतील अशी अपेक्षा व्यर्थ होय. रोज गोळी घेणें म्हणजे रोज एकदां आपल्या रोगाची आठवण करून घेणें. म्हणून मुलें गोळ्या उशीखालीं दडवूं लागलीं, मित्राच्या घरीं मुक्काम असला कीं घेईनाशीं झालीं. परंतु हा विषाणु असा आहे कीं औषधांत खंड पडला तर तो त्या औषधाला दाद देईनासा होतो. येथें मनाचा प्रश्न पुन्हा शरीराचा होतो. खिन्न मूल औषध चुकवितें, चुकविल्यानें आजारी पडतें आणि आजारानें अधिक खिन्न होतें. ज्यांनीं १९९६ चा विजय मिळविला त्या शास्त्रज्ञांच्या औषधांना या चक्रावर उपाय नव्हता.

न्यूयॉर्कच्या त्याच मुलांचा मागोवा पुढें तरुणपणापर्यंत घेण्यांत आला. त्यांतील एक आंकडा वाचतांना मन थांबतें : आत्महत्येचा प्रयत्न केल्याचें विषाणुबाधितांपैकीं शेंकडा २७ जणांनीं सांगितलें; दुसऱ्या गटांत हें प्रमाण शेंकडा १६ होतें. मृत्यूपासून ज्यांना एवढ्या कष्टानें सोडविलें, त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक मुलें स्वतःच त्याच्याकडे वळलीं होतीं. तथापि चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ मध्यें डॉ. एब्रम्स व त्यांचे सहकारी यांनीं याच तरुणांच्या आयुष्याचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हां शिक्षण व नोकरी या बाबतींत दोन्ही गटांत फारसा भेद आढळला नाहीं. ज्यांचें भविष्य कोणी धरलेंच नव्हतें, ते परीक्षा उतरले होते व कामाला लागले होते.

रोगाचा मुख्य भार मात्र अमेरिकेवर नव्हता; तो आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागावर होता. तेथें औषधें उशिरा पोंचलीं आणि मानसोपचारतज्ज्ञ तर बोटांवर मोजण्याइतके. दक्षिण आफ्रिकेंत अर्विन भाना, मेलिन्स व त्यांचे सहकारी यांनीं "वुका" नांवाचा एक उपक्रम तयार केला. झुलू भाषेंतील या शब्दाचा अर्थ "जागे व्हा". त्यांत व्याख्यानें नाहींत. एका मुलाची चित्रकथा कुटुंबानें एकत्र बसून वाचावयाची आणि त्या मुलाच्या निमित्तानें स्वतःविषयीं बोलावयाचें. मरण, लाज, गुपित हे जे विषय घरांत तोंडांतून फुटत नाहींत, ते चित्रांतल्या मुलाच्या नांवानें बोलतां येतात.

झिंबाब्वे देशांत याहून साधा मार्ग निघाला. निकोला विलिस या परिचारिकेनें २००४ मध्यें हरारे शहरांत विषाणुबाधित किशोरांचा एक लहानसा मेळावा सुरू केला. त्याचें नांव "झ्वांदिरी", म्हणजे शोना भाषेंत "मी जसा आहें तसा". येथें मुलांना प्रथमच आपल्यासारखीं दुसरीं मुलें भेटलीं. पुढें त्यांतूनच अठरा ते चोवीस वर्षांचे तरुण, जे स्वतः हाच रोग घेऊन वाढले होते, त्यांना शिकवून तयार करण्यांत आलें. ते घरोघर जात, औषधाची चौकशी करीत, आणि ज्याला कोणाशीं बोलतां येत नसे त्याच्याशीं बोलत. शास्त्राचा नियम असा कीं चांगल्या हेतूचीही परीक्षा व्हावी. बिंदुरा व शाम्वा या जिल्ह्यांतील १६ दवाखान्यांत ती झाली. वृत्तांत २०२० मध्यें आला. सुमारें दोन वर्षांनंतर ज्यांचा विषाणु आटोक्याबाहेर होता किंवा जे मरण पावले होते, अशांचें प्रमाण नेहमींच्या उपचारांत शेंकडा ३६ होतें आणि या तरुण सोबत्यांच्या देखरेखीखालीं शेंकडा २५. औषधें दोन्हीकडे तींच होतीं. अंतर पडलें तें माणसाच्या सोबतीनें.

याच शहरांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ पासून एक वेगळा प्रयोग चालविला होता. दवाखान्याच्या अंगणांत एक लांकडी बांक, आणि त्यावर वस्तींतलीच एखादी आजी. खिन्नतेला शोना भाषेंत जो शब्द आहे, त्याचा अर्थ "फार विचार करणें" असा होतो; "कुफुंगिसिसा" हा तो शब्द. लोकांना परक्या भाषेंतील रोगाचें नांव न देतां त्यांच्याच शब्दानें विचारलें, तर ते मन मोकळें करतात, हें त्या बांकानें दाखविलें. पुढें हीच संवादपद्धति झ्वांदिरीच्या तरुण सोबत्यांना शिकवून ६० दवाखान्यांतील ८४२ किशोरांवर तिची परीक्षा घेण्यांत आली. २०२२ मध्यें निघालेला निष्कर्ष प्रामाणिकपणें जसाच्या तसा सांगितला पाहिजे. विषाणु आटोक्यांत ठेवण्यांत या वाढीव उपचारानें अधिक फरक पडला नाहीं. परंतु मानसिक व्याधीचीं लक्षणें एका गटांत शेंकडा १० च्या आसपास राहिलीं, तर दुसऱ्यांत तीं शेंकडा ३ हून खालीं आलीं. शरीराच्या मापानें मोजणारा हा प्रयोग फसला म्हणेल. पण जें मूल रात्रीं झोंपूं लागलें, त्याच्या आईला तसें वाटणार नाहीं.

भारतांत मुलांसाठीं या औषधांची सरकारी योजना २००६ मध्यें सुरू झाली. त्यामुळें येथेंही एक पिढी वाढीस लागली. आजीजवळ, मामाकडे किंवा आश्रमांत राहून. २०१७ मध्यें संसदेनें केलेला व २०१८ च्या सप्टेंबरांत अंमलांत आलेला कायदा अशा मुलांना शाळेंतून काढण्यास बंदी करतो व त्यांच्या रोगाची वाच्यता संमतीवांचून करूं देत नाहीं. त्यांतील एक कलम विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. आईबाप राहिले नाहींत किंवा अंथरुणास खिळले, तर बारा वर्षांवरील समंजस थोरलें भावंड धाकट्यांचा पालक म्हणून दवाखान्यांत व शाळेंत उभें राहूं शकतें. घरोघर जें प्रत्यक्ष घडत होतें त्याला कायद्यानें मान दिला. परंतु त्याच कलमांत एक प्रश्नही दडलेला आहे : जें तेराव्या वर्षीं भावंडांचा पालक झालें, त्या मुलाच्या मनाचा पालक कोण? कायदा त्याला अधिकार देतो. त्याच्याशेजारीं बसणारें माणूस मात्र समाजालाच शोधावें लागेल.

या इतिहासाचा शेवट अजून व्हावयाचा आहे. १९८० च्या दशकांत जन्मलेलीं व वांचलेलीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि योग्य औषधोपचार घेतलेल्या मातांचीं मुलें जवळजवळ सर्व विषाणुमुक्त जन्मतात. ज्या आईला लहानपणीं आपल्या गोळ्यांचें नांव कोणी सांगितलें नव्हतें, तिला आज तिचें मूल विचारतें, "आई, तूं रोज कसलें औषध घेतेस?" हार्लेमच्या दवाखान्यापासून हरारेच्या बांकापर्यंत इतक्या लोकांनीं जे कष्ट उपसले, त्यांचें खरें माप ती आई या प्रश्नाला काय उत्तर देते, यावरून ठरणार आहे.